पदकाच्या कडेवरचे नाव

आपल्या समाजात इतिहासाचा विषय निघाला की गाडी ठरलेल्या स्टेशनांवरच थांबते. सुलतान येतात, बादशहा येतात, किल्ले आणि लढाया येतात, शेवटी फाळणी येते आणि चर्चा कडवट होऊन संपते. या मोठ्या इतिहासाच्या पायाशी लहान वस्तूंचाही एक इतिहास पडलेला असतो. आजोबांची सनद, शाळेचा दाखला, हजचा जुना पासपोर्ट, नोकरीचा बिल्ला आणि क्वचित एखादा तमगा. घरातल्या बाईने तो कापडात गुंडाळून पेटीच्या तळाशी जपलेला असतो. कशाबद्दल मिळाला, हे पुढच्या पिढीला ठाऊक नसते. घराची वाटणी झाली किंवा घरात अडचण आली की तो सराफाच्या काट्यावर चढतो आणि चांदीच्या भावात जातो.

अशाच एका तमग्याविषयी इथे लिहायचे आहे. तो पगारी फौजेतल्या शिपायाचा नाही. दिवसभर आपला धंदा, आपली नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी कवायतीला उभ्या राहणाऱ्या नागरिकाचा आहे. इंग्रजी अमदानीत अशा माणसाला व्हॉलंटिअर म्हणत. पुढे तो टेरिटोरियल झाला, होमगार्ड झाला. नावे बदलली, पण प्रश्न एकच राहिला: शहराच्या रक्षणासाठी बंदूक कोणाच्या हाती द्यायची? नागपूरच्या इतिहासात या प्रश्नाची जी उत्तरे मिळत गेली, त्यांचा हिशेब या चांदीच्या तुकड्यावर लिहिलेला आहे. आपल्या वाचकांनी तो वाचावा असे आम्हांला वाटते.

शिपायाचे पदक, नागरिकाचे पदक

नागपूरचे नाव असलेले सर्वांत जुने इंग्रजी पदक लढाईचे आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज रेसिडेंटाजवळची कंपनीची पलटण यांची लढाई झाली. भोसल्यांच्या बाजूने अरब शिपाई जिद्दीने लढले. पुढे १६ डिसेंबरला नागपूरची लढाई झाली, भोसल्यांची फौज हटली, तरी शहराच्या आत अरबांनी आणखी काही दिवस दम धरला आणि महिनाअखेरीस अटी ठरवूनच ते बाहेर पडले. समोरच्या कंपनीच्या पलटणींतही हिंदी शिपाईच होते, त्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते.

या लढाईचे पदक निघाले ते थेट १८५१ साली, म्हणजे चौतीस वर्षांनी. तेही कंपनीच्या बाजूने लढलेल्यांपैकी जे तोवर हयात होते त्यांनाच. त्या पदकाच्या फितीवर ‘सीताबर्डी’ असे नाव कोरलेली पट्टी लावलेली असे. चौतीस वर्षांनंतर जिवंत उरलेले असे कितीसे असणार? म्हणून ती पट्टी आज अतिशय दुर्मीळ मानली जाते. हरलेल्या बाजूच्या अरबांना अर्थातच काही मिळाले नाही. पदक नेहमी जिंकणाराच पाडतो.

हे झाले शिपायाचे पदक. शिपाई पगार घेतो, लढतो, त्याचे शौर्य मोजले जाते. नागरिकाच्या पदकाची रीत निराळी. १८९६ साली राणी व्हिक्टोरियाने हिंदुस्थान आणि वसाहतींतल्या स्वयंसेवक दलांसाठी दीर्घ सेवेचे एक पदक सुरू केले. चांदीचे, गोल, रुपयापेक्षा थोडे मोठे, हिरव्या फितीचे. एका बाजूला राज्यकर्त्याचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला स्वयंसेवक दलातल्या दीर्घ सेवेबद्दल ते दिले आहे अशी अक्षरे. अधिकाऱ्यांसाठी दोन वर्षे आधी, १८९४ साली, वेगळे सन्मानचिन्ह सुरू झाले होते.

हे पदक मिळवायला लढाईवर जावे लागत नसे. अठरा-वीस वर्षे नेमाने कवायतीला हजर राहायचे, दरवर्षी चांदमारीत ठरलेली पात्रता दाखवायची आणि आपले नाव हजेरीपटावर टिकवायचे, एवढेच. थोडक्यात, हे हजेरीचे पदक होते. म्हणूनच त्याचा अर्थ खोल आहे. शौर्य एखाद्या दिवसाचे असते. हजेरी आयुष्याची असते. आणि हजेरी लावायची तर आधी हजेरीपटावर नाव लागते. ते नाव कोणाचे होते?

हजेरीपटावर नसलेली माणसे

१८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले. तीनच वर्षांनी, १८५७च्या जूनमध्ये, नागपूरजवळ टाकळी येथल्या घोडदळाने उठावाचा बेत केला. तो फसला आणि फाशीचे सत्र सुरू झाले. नवाब कादर अली आणि त्यांच्या आठ साथीदारांना सीताबर्डीच्या किल्ल्यात फासावर चढवण्यात आले. किल्ल्यातली मशीद आणि नऊ कबरी त्यांची आठवण सांगतात. नवाबसाहेब टिपू सुलतानांचे नातू होते, असे नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते.

सत्तावन्नचा धडा इंग्रजांनी आपल्या परीने घेतला. हिंदी माणसाच्या हातातले हत्यार काढून घ्यायचे आणि इथे राहणाऱ्या प्रत्येक गोऱ्या माणसाला, तो कारकून असो की इंजिनड्रायव्हर, वेळप्रसंगी बंदूक धरता आली पाहिजे अशी व्यवस्था करायची. १८६९ साली स्वयंसेवक दलांचा कायदा झाला. १८७८ साली शस्त्रास्त्रांचा कायदा झाला. त्याच्या नियमांत हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनांना मात्र सूट होती. एका हाताने काढून घेणे आणि दुसऱ्या हाताने देणे, असा हा कायद्यांचा जोड होता.

या धोरणातून ठिकठिकाणी स्वयंसेवकांच्या रायफल पलटणी उभ्या राहिल्या. मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरातही ‘नागपूर व्हॉलंटिअर रायफल्स’ होती. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. या दोन्ही रेल्वेंच्या आपापल्या स्वयंसेवक पलटणी होत्या. रूळ, पूल आणि स्टेशने ही राज्याची नस होती आणि तिच्या रक्षणाचे काम रेल्वेतल्या गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन नोकरांवर टाकलेले होते.

याच रेल्वेत खलाशी, गँगमन, खात्यातले मिस्त्री हिंदी होते. रूळ त्यांनी टाकले होते, इंजिनात कोळसा ते भरत होते. पण रेल्वेचे रक्षण करणाऱ्या पलटणीत त्यांना जागा नव्हती. काही ठिकाणी थोडे पारशी आणि हिंदी ख्रिस्ती अपवाद म्हणून घेतले गेले. बाकी हिंदू आणि मुसलमान, ब्राह्मण आणि महार, सगळेच दाराबाहेर. आपसांत कितीही भेद असोत, या दारासमोर सारे सारखेच अविश्वासू ठरले.

या दलांची जी पदके जुन्या वस्तूंच्या बाजारात दिसतात, त्यांच्या कडेवर पलटणीच्या नावाशेजारी कोरलेली माणसांची नावे बहुतांशी इंग्रजी आणि अँग्लो-इंडियन का असतात, याचे उत्तर हे आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी कर्तबगारी दाखवली नाही असे मुळीच नाही. त्यांचे नाव पटावर घ्यायचेच नाही असे आधीच ठरलेले होते.

मद्रासचे अधिवेशन आणि नागपूरचे अधिवेशन

१८८५च्या मार्चमध्ये अफगाणिस्तानच्या सीमेवर पंजदेह येथे रशियन फौज पुढे सरकली आणि हिंदुस्थानात युद्धाची आवई उठली. त्या वेळी मद्रास, मुंबई, कलकत्ता अशा शहरांतल्या शिकलेल्या हिंदी तरुणांनी सरकारला अर्ज केले: आम्हांलाही स्वयंसेवक म्हणून घ्या. सरकारने नकार दिला. राज्यनिष्ठेची कसोटी द्यायला आलेल्या माणसांना सांगण्यात आले की तुमची कसोटीच आम्हांला नको.

हा अपमान काँग्रेसच्या पहिल्या काही अधिवेशनांत वारंवार बोलून दाखवला गेला. १८८७च्या डिसेंबरात मद्रासला तिसरे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी, अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक आणि पुढे १८९५ साली मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झालेले. त्यांच्या अध्यक्षतेखाली हिंदी लोकांना स्वयंसेवक दलात घ्यावे अशी मागणी मंजूर झाली, शस्त्र कायद्याविरुद्धही ठराव झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस लखनौला सर सय्यद अहमद यांनी मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे असे भाषण केले. पुढे दोघांमध्ये पत्रव्यवहारही झाला.

आम्हांला इथे कोणाला निकालात काढायचे नाही. सर सय्यद यांच्या मनातली भीती समजण्यासारखी होती. सत्तावन्ननंतर दिल्लीच्या मुसलमानांवर काय गुजरले ते त्यांनी पाहिले होते. पण तय्यबजींनी घेतलेली भूमिका आपण आज विसरलो आहोत, हे खरे. एका मुसलमान अध्यक्षाच्या सभेने मागितलेली ही गोष्ट केवळ मुसलमानांसाठी नव्हती. सगळ्या हिंदी माणसांसाठी होती. मागितली काय, तर जागा नव्हे, पगार नव्हे. मागितली जबाबदारी. आपल्या घराच्या आणि शहराच्या रक्षणाचा पहारा आपणही द्यावा, एवढा हक्क.

चार वर्षांनी, १८९१च्या डिसेंबरात, काँग्रेसचे सातवे अधिवेशन नागपुरातच भरले. अध्यक्ष पी. आनंद चार्लू होते. शस्त्र कायद्याचे नियम धर्म, जात आणि रंग न पाहता सर्वांना सारखे लावावेत, लष्करी विद्यालये काढावीत, लोकांचे मिलिशिया उभारावे आणि इंग्लंडप्रमाणे इथेही लोकांना स्वयंसेवक होऊ द्यावे, या मागण्या नागपूरच्या मंडपातही झाल्या. तिथून सीताबर्डीचा किल्ला काही लांब नव्हता. मागणी करणाऱ्यांना किल्ल्यावरचा युनियन जॅक दिसत होता आणि राज्यकर्त्यांना मागणी ऐकू येत होती. पाच वर्षांनी, १८९६ साली, पदक निघाले. पट मात्र तोच राहिला.

दोन दालने

पहिल्या महायुद्धाने इंग्रजांना माणसांची गरज भासली तेव्हा दार किलकिले झाले. १९१७ साली इंडियन डिफेन्स फोर्सचा कायदा झाला. जुन्या स्वयंसेवक पलटणी त्यात विलीन झाल्या. गोऱ्यांना सेवा सक्तीची झाली आणि हिंदी माणसाला पहिल्यांदाच स्वेच्छेने भरती होण्याची मुभा मिळाली. कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या तुकड्या याच काळात सुरू झाल्या.

युद्ध संपताच दार पुन्हा वेगळे झाले. १९२० साली दोन कायदे झाले. ऑक्झिलरी फोर्स युरोपियन आणि अँग्लो-इंडियनांसाठी, टेरिटोरियल फोर्स हिंदी लोकांसाठी. नागपूर रायफल्स पहिल्या दालनात गेली. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. त्याच्या विद्यार्थ्यांची ट्रेनिंग कोअर दुसऱ्या दालनात मोडली. एकाच शहरात, एकाच राजाच्या नावाने, दोन कवायती.

१९३० साली जुने हिरव्या फितीचे पदक बंद होऊन त्याजागी ‘एफिशियन्सी मेडल’ आले. हे लंबगोल होते. हिरव्या फितीला पिवळ्या कडा आणि वरच्या पट्टीवर ‘इंडिया’ हा शब्द. बारा वर्षांच्या सेवेनंतर ते मिळे आणि दोन्ही दालनांतल्या लोकांना मिळू शके. एका अर्थाने तय्यबजींच्या सभेची मागणी त्रेचाळीस वर्षांनी पदकाच्या आकारात पुरी झाली. पण दुसऱ्या दालनाचे वय अवघे दहा वर्षे होते आणि त्यातून बारा वर्षे सलग हजेरी लावून बाहेर पडणारे थोडे. या पदकाच्या कडेवर हिंदी माणसाचे नाव सापडले तर ते मोलाचे समजावे.

आपल्या हातातला पहारा

स्वातंत्र्य जवळ येऊ लागले तसा या प्रश्नाचा रंगच बदलला. आता भीती रशियाची नव्हती, शेजाऱ्याची होती. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात होमगार्ड म्हणजे गृहरक्षक दल उभे राहिले. त्या वेळी मोरारजी देसाई प्रांताचे गृहमंत्री होते. दंगलीच्या काळात पोलिसांना मदत करण्यासाठी नागरिकांनी नागरिकांचे रक्षण करावे, ही त्यामागची कल्पना. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा स्वतःचा होमगार्ड कायदा १९४७ साली झाला आणि त्याची राजधानी नागपूर होती. चीनच्या युद्धानंतर १९६२ साली देशभर या दलाची नव्याने बांधणी झाली.

६ डिसेंबर ही तारीख आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. १९५६ साली याच तारखेला बाबासाहेब आंबेडकर गेले. नागपूरच्या दीक्षाभूमीवर त्यांनी धम्मदीक्षा घेतल्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. १९९२ साली याच तारखेला बाबरी मशीद पाडली गेली. आणि याच तारखेला दरवर्षी होमगार्डचा स्थापना दिन असतो, धर्म न पाहता शेजाऱ्याचे रक्षण करण्यासाठी जन्मलेल्या दलाचा. हा योगायोग आहे. पण तो विचार करायला लावणारा आहे.

दुसरीकडे १९४८च्या कायद्याने प्रादेशिक सेना उभी राहिली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. नोकरी-धंदा सांभाळून लष्करी सेवा देणाऱ्या नागरिकांची ही सेना. आता दोन दालने नव्हती. तिच्या जवानांसाठी दीर्घ सेवेचे पदक आहे, अधिकाऱ्यांसाठी सन्मानचिन्ह आहे. सीताबर्डीच्या किल्ल्याशी प्रादेशिक सेनेच्या ११८व्या पायदळ पलटणीचे नाव जोडले गेले आहे आणि ही पलटण ग्रेनेडियर्सची आहे. त्याच ग्रेनेडियर्सच्या चौथ्या पलटणीचे हवालदार अब्दुल हमीद १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरणच्या आघाडीवर पाकिस्तानी रणगाडे उडवताना शहीद झाले आणि त्यांना परमवीर चक्र मिळाले. ज्या किल्ल्यात नवाब कादर अलींना फाशी झाली तो नागरिकांच्या सेनेचा तळ व्हावा, यापेक्षा १८९१च्या ठरावाची चांगली पूर्तता कोणती?

नागपूरचे या क्षेत्रात आणखी एक स्थान आहे. १९५७ साली इथे आपत्तीच्या वेळी मदतीचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था सुरू झाली. १९६८ साली नागरी संरक्षणाचा कायदा झाला आणि ती राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली. अलीकडच्या काळात ती राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत विलीन झाली. जळत्या इमारतीतून माणूस कसा काढायचा, ढिगाऱ्याखाली आवाज कसा ऐकायचा, हे देशभरातले नागरिक या शहरात शिकून गेले.

होमगार्ड आणि नागरी संरक्षण दलासाठी राष्ट्रपतींची स्वतंत्र पदके होती. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाला ती जाहीर होत. पोलीस, अग्निशमन, तुरुंग, होमगार्ड अशा खात्यांची सोळा पदके एकत्र करून केंद्र सरकारने चारच ठेवली आणि २०२४च्या प्रजासत्ताक दिनापासून नवी नावे लागू झाली. म्हणजे ज्याच्यावर होमगार्डचे नाव स्वतंत्रपणे कोरलेले होते तो तमगाही आता इतिहासात जमा झाला. आज ज्यांच्या घरी तो आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तमगा कसा वाचावा

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात असे एखादे पदक असेल तर ते ब्रासोने घासू नका. घासले की कडेवरची बारीक अक्षरे झिजतात. आधी कड पाहा. तिथे बहुधा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. मग फितीचा रंग आणि वरची पट्टी पाहा. हिरवी फीत आणि गोल आकार असेल तर जुने स्वयंसेवकाचे, लंबगोल आणि पिवळ्या कडा असतील तर १९३० नंतरचे, अशोकस्तंभ असेल तर स्वतंत्र भारताचे. त्याबरोबर एखादा कागद, डिस्चार्ज बुक, गणवेशातला फोटो असेल तर तो वेगळा करू नका. कागदाशिवाय पदक मुके होते. आणि विकण्याची वेळ आलीच तर निदान एका वहीत सगळे उतरवून ठेवा. इतवारीच्या सराफाला त्याच्यात चांदी दिसते, नाव दिसत नाही. त्यात त्याचा दोष नाही. नाव पाहणे हे आपले काम आहे.

असा तमगा मिळाला म्हणून कोणी तो भिंतीवर टांगून ‘पाहा, आमची देशनिष्ठा’ असे म्हणू लागले तर ते मात्र आम्हांला मान्य नाही. नागरिकत्व सिद्ध करायला पदक लागत नाही. ज्याच्या घरी पदक नाही तो कमी नागरिक ठरत नाही, आणि ज्याच्या घरी आहे त्याला ते दाखला म्हणून फिरवावे लागू नये. १८८५ साली कसोटी द्यायला गेलेल्यांना इंग्रजांनी परत पाठवले. स्वतंत्र देशात तीच कसोटी पुन्हा पुन्हा मागितली जाते तेव्हा मागणाऱ्यांनी हा इतिहास वाचायला हवा. तय्यबजींच्या सभेने प्रमाणपत्र मागितले नव्हते, पहारा मागितला होता.

तो पहारा आज आपल्याला खुला आहे. १९२७ साली नागपुरात दंगल झाली. १७ मार्च २०२५ रोजी महाल परिसरात हिंसाचार झाला आणि शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली. अशा रात्री गल्लीच्या तोंडाशी गणवेशात कोण उभा आहे, याला फार अर्थ असतो. तो मोमीनपुऱ्यातला मुलगा महालात उभा असेल आणि महालातला मुलगा मोमीनपुऱ्यात, तर दोन्ही मोहल्ल्यांतल्या आया थोड्या निर्धास्त झोपतील. होमगार्डच्या भरतीची जाहिरात येते तेव्हा आपल्या मोहल्ल्यात ती किती जण वाचतात? मशिदीच्या फळ्यावर, शाळेत, मदरशात, वाचनालयात ती लावायला काय हरकत आहे? आपल्या मुलींसाठीही त्यात जागा आहे.

कित्येक वर्षे आपल्या वाडवडिलांना हजेरीपटावर नाव मिळाले नाही. आता पट उघडा आहे. उद्या एखाद्या पदकाच्या कडेवर आपल्या मुलाचे किंवा मुलीचे नाव कोरले जावे ते कुठल्या शौर्याच्या रात्रीबद्दल नसले तरी चालेल. अनेक वर्षे, सुट्टीच्या दिवशी, न चुकता कवायतीला हजर राहिल्याबद्दल असावे. शहर अशा माणसांच्या भरवशावर उभे राहते.